अंदमानात एमबीबीएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटचा निकाल लागला, पसंतीक्रम भरायची वेळ आली की यादीत एक नाव दिसतं आणि घरात वाद सुरू होतो: अंदमान आणि निकोबार आयलंड्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. सोयीसाठी पुढे ‘ॲनिम्स’ म्हणू. नाव टाकायचं की नाही, टाकलं आणि लागलं तर पुढे काय, यावर महाराष्ट्रातले विद्यार्थी आणि पालक जे विचारतात त्याची ही उत्तरं.

कॉलेज सरकारी आहे का? नवीन आहे का? डिग्री कुठल्या विद्यापीठाची?

सरकारी आहे. २०१५ मध्ये १०० जागांवर सुरू झालं, पाँडिचेरी विद्यापीठाशी संलग्न आहे. शिकवणीचं रुग्णालय म्हणजे गोविंद वल्लभ पंत हॉस्पिटल, ते अटलांटा पॉइंटच्या टेकडीवर सेल्युलर जेलला खेटून आहे. शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून विमानाच्या तिकिटापर्यंत ‘पोर्ट ब्लेअर’ अजून सर्रास चालतं. कागदपत्रांत दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

महाराष्ट्रातल्या मुलाला इथे जागा कशी मिळते?

१५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) या केंद्रीय समितीच्या समुपदेशनातून. उरलेल्या जागा मुख्यतः बेटांवरच्या रहिवाशांसाठी. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या राज्य फेऱ्यांचा इथे काही संबंध नाही आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

एसईबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी असे स्वतंत्र प्रवर्ग अखिल भारतीय कोट्यात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर केंद्रीय नमुन्यातलं, चालू मुदतीचं नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. तहसीलमधून मिळालेलं राज्य नमुन्याचं प्रमाणपत्र घेऊन गेलात तर रिपोर्टिंगच्या टेबलावर अडाल. ईडब्ल्यूएसचंही तसंच, केंद्रीय नमुना हवा. पुण्यात असता तर दुसऱ्या दिवशी नवा दाखला आणता आला असता. इथे मधे १२०० किलोमीटर समुद्र आहे. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधीच दाखले करून ठेवा, सीट लागल्यावर नव्हे.

एमसीसीची सुरक्षा ठेव सरकारी जागांसाठी खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि राखीव प्रवर्गाला ५,००० रुपये असते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडलं तर ठेव जात नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर जाते. तेव्हा ‘बघू, लागलं तर विचार करू’ असं म्हणून दुसऱ्या फेरीत नाव ठेवू नका.

सीट लागली. रिपोर्टिंगसाठी निघताना काय सांभाळायचं?

वेळ. प्रत्यक्ष हजर राहायला मोजके दिवस मिळतात आणि तेव्हा पावसाळा असतो. मुंबई-पुण्याहून साधारणपणे चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूमार्गे जावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचं उड्डाण सव्वादोन तासांचं. वीर सावरकर विमानतळाची धावपट्टी नौदलाच्या ‘आयएनएस उत्क्रोश’ या तळाची आहे आणि बहुतेक विमानं सकाळ-दुपारची असतात. ढग खाली आले की विमान वर घिरट्या घालतं आणि कधीकधी उतरता न आल्याने परत चेन्नईला जातं. त्यामुळे शेवटच्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी पोर्ट ब्लेअरमध्ये असा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

मूळ कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे १५-२० फोटो आणि सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये. वरच्या पसंतीसाठी अपग्रेडेशनचा पर्याय चालू ठेवला असेल तर परतीचं तिकीट फार पुढचं काढू नका. पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज लागलं की इथून रिलीव्हिंग लेटर आणि मूळ कागद घेऊन निघावं लागतं.

सामान किती न्यायचं?

कमी. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान जातं आणि पहिल्याच खेपेला ॲनाटॉमीचे तिन्ही खंड नेण्यात शहाणपण नाही. काही पुस्तकं सीनियरकडून मिळतात, बाकीची टपालाने मागवा.

नक्की न्या: तीन सुती ॲप्रन (दोन पुरत नाहीत, कारण वाळत नाहीत), चांगली मोठी छत्री आणि शिवाय रेनकोट, पट्ट्याच्या रबरी चपला, बंद पण जाळीचे बूट, हेडलॅम्प किंवा टॉर्च, पॉवर बँक (ती केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही), मच्छरदाणी, आणि हवाबंद झाकणाचे दोन-तीन प्लॅस्टिकचे डबे. गरम कपडे एकच, चेन्नईच्या विमानतळावरच्या एसीसाठी.

दमटपणाचं इतकं का सांगतात?

कोकणातल्या मुलांना जुलै माहीत असतो. इथे तो जुलै मे महिन्याच्या मध्याला सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, कारण नैऋत्य मोसमी पाऊस सरला की ईशान्य मोसमी पाऊस येतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. खऱ्या अर्थाने कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल, आणि गंमत म्हणजे नेमकं तेव्हाच नळाचं पाणी कमी होतं. बेटावर मोठी नदी नाही, शहर मुख्यतः धानीखाडी धरणावर जगतं. फेब्रुवारी-मार्चपासून पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येऊ शकतं. झाकणाची २० लिटरची बादली तेव्हा स्टेथोस्कोपपेक्षा मोलाची.

बुरशीचं गणित असं. कापड, कातडं, पुस्तकाचा पुठ्ठा, लेन्स: जिथे हवा साचते आणि ओल राहते तिथे आठवडाभरात पांढुरके ठिपके येतात. कपाट गच्च भरू नका, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याचा पट्टा, पाकीट आणि बूट आणूच नका. कॅमेरा, श्रवणयंत्र, जादा चष्मा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. पाच लिटरच्या डब्याला १००-१५० ग्रॅम पुरतं. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं. ते कोरड्या भांड्यात मंद आचेवर तास-दीड तास तापवले की पुन्हा निळे होतात आणि वापरता येतात. मात्र निळ्या खड्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा ते भांडं जेवणासाठी वापरायचं नाही. पुस्तकांत कसर लागते. कडुनिंबाची पानं घालून ती थांबत नाही, महिन्यातून एकदा उन्हात उघडून झटकली तर थांबते.

अंगावरच्या बुरशीचंही तेच. जांघेत, काखेत, बोटांच्या बेचक्यात गजकर्ण इथे जवळपास हमखास. दुकानात मिळणारी ‘तीन औषधं एकत्र’ असलेली मलमं लावू नका. त्यातल्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते आणि चट्टा महिनाभर पसरत राहतो, वर त्याचा मूळ आकारही बिघडतो, म्हणजे निदान अवघड. त्वचा विभागाची ओपीडी तुमच्याच हॉस्पिटलात आहे, तिथे दाखवा. अंतर्वस्त्रं पूर्ण वाळलेली घालायची, इस्त्री फिरवून का होईना.

दिवस लवकर उजाडतो म्हणजे किती?

पोर्ट ब्लेअर ९२.७ रेखांशावर आहे, घड्याळ मात्र मिर्झापूरजवळच्या रेषेचं. मुंबईच्या मानाने सूर्य सुमारे ८० मिनिटं पुढे. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं, नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी पाचला अंधार. पहिल्या सत्रात मुलं रात्री दोनपर्यंत जागून सकाळी ऊन तोंडावर आल्याने साडेपाचला उठतात आणि फिजिओलॉजीच्या तासाला डुलक्या घेतात. गडद पडदा लावा, किंवा सरळ बेटाचं घड्याळ स्वीकारा: साडेनऊ-दहाला झोप, साडेचारला उठून अभ्यास. दुसरं जास्त टिकतं. खेळायचं असेल तर वर्ग सुटल्यावर लगेच मैदानावर, ‘चहा घेऊन जाऊ’ म्हणालात की उजेड संपला.

हजेरीची अट देशभर सारखीच आहे, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८०. दिवाळीला चार दिवस घरी जाण्यात प्रवासाचेच दोन जातात, म्हणून सुट्ट्यांचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडा.

क्लिनिकलला रुग्ण पुरेसे असतात का? लोकसंख्या तर चार लाखही नाही.

हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर दोन टोकांचं आहे.

२०११ च्या जनगणनेत दोन्ही द्वीपसमूहांची लोकसंख्या ३.८ लाख होती. आपल्याकडचा एक मोठा तालुका. त्यामुळे केईएम किंवा ससूनसारखी ओपीडीची रीघ इथे नसते. दुर्मीळ शस्त्रक्रिया आणि गुंतागुंतीच्या केसेस मुख्य भूमीवर, बहुतेकदा चेन्नईला पाठवल्या जातात. सुपरस्पेशालिटी पाहायची हौस असेल तर ती इथे फिटणार नाही.

पण दिगलीपूरपासून ग्रेट निकोबारपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरच्या पट्ट्यात वरचं रेफरल हॉस्पिटल हे एकच. लहान बेटांवर जे आवरत नाही ते बोटीने किंवा हेलिकॉप्टरने इथे येतं. कार निकोबारहून आलेली अडलेली बाळंतीण, हट बेहून आलेला ताप, डोंगीवरून पडलेला मच्छीमार, डायव्हिंगच्या पर्यटकाचा कान: सगळं एकाच वॉर्डाच्या फेरीत. रुग्ण पोचायला किती तास लागले, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडालं का, याचा आजाराच्या टप्प्याशी थेट संबंध असतो. म्हणून केस हिस्टरीत ‘कुठून आणि कसा आला’ हा प्रश्न इथे पहिल्या तीनात घ्यायचा. मुंबईत पाच मुलांना मिळून एक रुग्ण तपासायला मिळतो, इथे एका मुलाला निवांत एक मिळू शकतो. प्लीहा हाताला लागते म्हणजे काय, हे तिसऱ्यांदा तपासल्यावर कळतं. पहिल्यांदा सगळ्यांनाच फक्त बरगडी लागते.

नव्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक उपक्रमही आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे तीन ते पाच घरं, त्यांचा पाठपुरावा पहिल्या वर्षापासून. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, लसीकरण यांच्या नोंदी ठेवायच्या. जाण्याआधी घरच्यांना फोन करा. भातलावणीच्या किंवा बोट आल्याच्या दिवशी घरात कोणी नसतं.

इथले म्हणून कोणते आजार शिकायला मिळतात?

लेप्टोस्पायरोसिस, सर्वांत आधी. १९२९ च्या सुमारास जंगलतोडीला लावलेल्या कैद्यांमध्ये तो ओळखला गेला. पुढे ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ म्हणून जो गूढ आजार गाजला तोही लेप्टोच निघाला. पाऊस सरता सरता, भातकापणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, लाल डोळे अशी माणसं येतात. पुस्तकात कावीळ आणि मूत्रपिंड ठळक छापलेलं असतं. इथे फुप्फुसातला रक्तस्राव जास्त घातक ठरतो, म्हणून तापाच्या रुग्णाने खोकल्यात रक्त म्हटलं की थांबायचं नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रादेशिक संशोधन केंद्र १९८३ पासून शहरात आहे. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक प्रयोग त्याच केंद्राने उत्तर अंदमानात केला होता. आजार कमी झाला, संसर्ग थांबला नाही. प्रकल्पाची आवड असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मार्गदर्शक शोधा.

स्क्रब टायफस आणि डेंग्यूही आहेत. निकोबारी लोकांमध्ये हिपॅटायटिस बीचं प्रमाण पूर्वीपासून जास्त, त्यामुळे रक्ताला हात लावण्याआधी तुमचे ०-१-६ महिन्यांचे तीन डोस पूर्ण हवेत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं मोजा, १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरच्या वर हवीत. पहिला डोस नीटच्या निकालाआधी घेतला तरी घाई होत नाही.

सापांचं प्रकरण वेगळं आहे. महाराष्ट्रात ‘चार विषारी’ घोकलेल्यांनी लक्षात ठेवावं: घोणस आणि फुरसं अंदमानात नाहीत. नाग आणि मण्यार आहेत, पण इथल्याच प्रजाती. आणि चावतात ते बहुधा हिरवे-तपकिरी चापडे. आपली चार सापांवरची एकत्रित सर्पदंशाची लस चापड्याच्या विषासाठी बनवलेली नाही. त्यामुळे सूज आली म्हणून लगेच लस, असं होत नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करा, सूज मोजून कडेला पेनाने वेळ लिहा, वरिष्ठांना बोलवा. साप नाही तर गोम. इथली गोम वीतभर असते आणि अंगठ्याला चावली की मोठा माणूस रडतो. सकाळी बूट झटकूनच पाय घाला.

भाषेचं काय?

इथे महाराष्ट्रातल्या मुलांचा फायदा होतो. बेटांची व्यवहाराची भाषा हिंदी आहे. घरी बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, निकोबारी, छोटा नागपूरहून आलेल्यांची सादरी असं काहीही असो, रुग्ण तुमच्याशी हिंदीतच बोलतो. तमिळनाडू किंवा कर्नाटकात गेलेल्या मित्रांना वर्षभर दुभाषा लागतो, तुम्हाला नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र दोन वाक्यं पाठ करा: बंगालीत ‘कोथाय ब्यथा?’, तमिळमध्ये ‘एंगे वलिक्कुदु?’ दोन्हींचा अर्थ ‘कुठे दुखतंय?’. उत्तर बोटाने मिळतं.

जेवण?

भात, डाळ, मासे, अंडी. सांबार आणि बंगाली माशाचं कालवण एकाच ताटात आलं तर दचकू नका. शाकाहारी मुलांची उपासमार होत नाही, पण कंटाळा येतो. पालेभाज्या, काकडी, भोपळा बेटावर पिकतो. कांदे-बटाटे-टोमॅटो बहुतांशी जहाजाने येतात, जहाज लांबलं की भाव चढतो आणि मेसच्या भाजीत भोपळा वाढतो. नारळ मात्र मुबलक. ज्वारी-बाजरीचं पीठ घरून आणू नका, तीन आठवड्यांत जाळी धरतं. टिकतं ते मेतकूट, कारळ्याची चटणी, गोडा मसाला, भाजलेले पोहे. तेही २०० ग्रॅमच्या सीलबंद पुड्यांत, एकदा उघडली की संपवायची.

इंटरनेट, पैसे, पार्सल?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली आणि जुनी रडगाणी संपली. शहरात व्हिडिओ लेक्चर चालतात. लहान बेटांवर, जंगलपट्ट्यात आणि वादळी हवेत रेंज जाते, म्हणून टेस्ट सिरीजचे पेपर आधी डाउनलोड करा. यूपीआय शहरात चालतं. बाहेरच्या बेटांवर जाताना दोन हजार रुपये रोख ठेवा. पार्सलसाठी स्पीड पोस्ट सर्वांत भरवशाचं. बॅटरी असलेली वस्तू बऱ्याचदा समुद्रमार्गे येते, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात टॅबलेट मागवू नका.

समुद्रात पोहता येतं का?

काही ठिकाणी, काही वेळी. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे आणि ती खाडीपुरती राहत नाही. २०१० मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्यावर मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला. जिथे फलक आहे, जाळी नाही, किंवा शेजारी खारफुटी आणि नाल्याचं तोंड आहे, तिथे पाण्यात उतरायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच. सँडफ्लाय चावल्याची खाज दोन आठवडे टिकते. ओल्या वाळूवर थेट बसू नका. दगडी माशावर (विषारी काट्यांचा स्टोनफिश) पाय पडला तर चटके न बसतील इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवणं हा पहिला उपाय. विष उष्णतेने निकामी होतं.

सुट्टीत बेटं बघताना कोणते नियम?

स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक आणि नील, इथे सरकारी बोट स्वस्त आणि सावकाश, खासगी महाग आणि वेगवान. सोमवारी परीक्षा असेल तर रविवारच्या शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका, वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची. ओकारी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही.

उत्तरेला बाराटांग, रंगत, दिगलीपूरकडे जाणारा रस्ता जिरकाटांगपासून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. ठरलेल्या वेळी ताफ्यातूनच वाहनं सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमांखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. ‘मी मेडिकलचा विद्यार्थी’ म्हणून सूट नाही. बाहेरून आलेला साधा गोवर किंवा सर्दीही त्यांना किती महागात पडते हे तर तुम्हालाच जास्त कळायला हवं. निकोबारला जायला आदिवासी क्षेत्राचा परवाना लागतो. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा बॅगेत घालू नका, विमानतळावरच्या एक्स-रेत दिसतो.

जहाजाने घरी जाता येईल का?

चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमपर्यंत, साधारण तीन दिवसांत. बंकचं तिकीट विमानापेक्षा बरंच स्वस्त, पण सुटण्याची तारीख शेवटपर्यंत हलते. एकदा अनुभव म्हणून जरूर करा, उन्हाळी सुट्टीत, जाताना. परीक्षेला परत येताना नको.

भूकंप, त्सुनामी?

बेटं सर्वाधिक धोक्याच्या भूकंप क्षेत्रात आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने सर्वांत जास्त हानी निकोबारमध्ये केली, पण पोर्ट ब्लेअरचे सखल भागही पाण्याखाली गेले होते. छोटे धक्के अधूनमधून बसतात. नियम सोपा: उभं राहता येऊ नये असा किंवा लांबलेला धक्का किनाऱ्याजवळ बसला तर भोंग्याची वाट न पाहता उंचावर चढायचं आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही. अटलांटा पॉइंट उंचावर आहे. होस्टेलच्या खोलीत पुस्तकांचं कपाट पलंगाच्या डोक्याशी ठेवू नका.

सेल्युलर जेल खरंच हॉस्पिटलच्या शेजारी आहे?

शेजारी काय, एका अर्थी हॉस्पिटल जेलच्याच जागेत आहे. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. पंत हॉस्पिटल १९६३ मध्ये याच आवारात आलं. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यामुळे घरून येणारा प्रत्येक पाहुणा आधी तीच कोठडी दाखव म्हणतो. सोमवारी आणि सरकारी सुट्टीला जाणार असाल तर उघडं आहे का, हे आधी विचारा.

इथून एमबीबीएस करून महाराष्ट्रात पीजी मिळेल का?

अखिल भारतीय कोट्याच्या ५० टक्के जागांसाठी तुम्ही इतर कोणाइतकेच पात्र. राज्य कोट्याचं मात्र जपून बोलावं लागतं. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीजी प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, त्याच संस्थांत शिकलेल्यांना मिळणारं मर्यादित प्राधान्य मात्र ठेवलं. ‘डोमिसाइल महाराष्ट्राचं आहे, पीजीला परत येऊच’ हे गृहीत धरून निर्णय घेऊ नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

पालकांनी भेटायला कधी यावं?

फेब्रुवारीत. समुद्र शांत, पाऊस नाही, मुलांची परीक्षा जवळ नसते. येताना रिकामी बॅग आणा. जाताना त्यात मुलाचे बुरशी लागलेले चामड्याचे बूट जातील.